परवान्याचं रिव्हॉल्व्हर रोज बाळगताना: झाकून, सांभाळून, कायद्यात राहून

शस्त्र नियम २०१६ मध्ये एक तरतूद आहे. परवाना हातात पडल्यावर ती वाचणारे फार थोडे. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, अंगाला बांधलेलं किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या आवरणात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा हवा. म्हणजे हत्यार झाकणं ही कायद्याचीच मागणी आहे.

प्रत्यक्षात काय दिसतं? जमिनीच्या व्यवहाराला आलेला माणूस शर्ट मुद्दाम खोचून येतो, कारण कमरेचं होल्स्टर दिसावं. लग्नाच्या मांडवात, हॉटेलच्या टेबलावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर परवान्याची हत्यारं मिरवली जातात. मला हे मनापासून खटकतं. दिसणारं हत्यार भांडण पेटवतं, नको त्याची नजर तुमच्या कमरेवर खिळवतं, आणि खरंच कुणी लुटायला आला तर आधी कुणाला पाडायचं हे त्याला आयतं कळतं. सराफ, पेट्रोलपंपचालक, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, जिवाला धोका असल्याची पोलिसांनी खात्री करून घेतलेली माणसं, निवृत्त अधिकारी अशा ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी परवाना पुन्हा वाचा

आयुक्तालयाच्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, इतर ठिकाणी जिल्हाधिकारी. त्यावर हत्याराचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि नंबर, काडतुसांची मर्यादा, मुदत आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. क्षेत्राकडे नीट पाहा. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर सावंतवाडीहून पणजीला जाताना हद्द ओलांडल्याक्षणी तुम्ही परवान्याबाहेर जाता, गाडीच्या डिकीत ठेवलं असलं तरी. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. म्हणूनच नूतनीकरण विसरायला होतं. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज जाईल अशी नोंद दोन ठिकाणी करून ठेवा. मुदत संपलेल्या परवान्यावर हत्यार जवळ असणं म्हणजे विनापरवाना हत्यार असणंच.

परवान्याच्या मागच्या अटीही वाचा. विशेष परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे हत्यार नेता येत नाही. आपल्याकडे ही यादी लांबलचक होते. गणपती विसर्जन, वारीचा रस्ता, गावची यात्रा, प्रचारसभा, मुलाच्या शाळेतली पालकसभा, सगळं यात आलं. अट मोडली तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० खाली शिक्षा आहेच, शिवाय परवाना रद्द होऊ शकतो.

रोज सकाळी एकच प्रश्न: आज कुठे जायचंय?

हत्यार कमरेला लावण्याआधी दिवसभराचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मध्ये कोर्ट आहे का? सरकारी कचेरी, दवाखाना, मॉल, मेट्रो? मुलांना शाळेतून आणायचंय? संध्याकाळी कुणाकडे बसायचा बेत आहे, जिथे दारू असेल? यातलं एकही उत्तर 'हो' असेल तर हत्यार घरच्या तिजोरीत राहू द्या. दारू आणि हत्यार यांत तडजोड नाही, एक पेगसुद्धा नाही.

मॉलच्या किंवा मोठ्या इमारतीच्या दारात तपासणी असेल तर चुकवून आत शिरायचा विचारही करू नका. रक्षकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा, "माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, परवाना सोबत आहे." तो नाही म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा. जागा त्यांची आहे. विमानप्रवासात हत्यार केबिनमध्ये कधीच नेता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवायचं, काउंटरवर परवाना दाखवून रीतसर जाहीर करायचं, पूर्ण रिकामं करून चेक-इन सामानात द्यायचं, काडतुसं वेगळी बांधून. त्यासाठी नेहमीपेक्षा बराच वेळ हातात ठेवून विमानतळावर पोचा.

निवडणुकीचे दिवस वेगळे. आचारसंहिता लागली की हत्यारं बाहेर घेऊन फिरायला बहुधा बंदीचा आदेश निघतो, आणि अनेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गोव्यातल्या एका प्रकरणात आला होता. २००९ च्या त्या निकालानंतर छाननी समितीने प्रकरणागणिक विचार करून ठरवायची पद्धत आली. नोटीस आलीच तर मुदतीत जमा करा, पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे ना ते तिथेच तपासा, आणि पावती परवान्यासोबत ठेवा.

कोणतं हत्यार

यात फार रमू नका. ९ मिलिमीटर पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हाती बहुतेक वेळा .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूलच येतं. कानपूरच्या कारखान्याचं जुन्या धाटणीचं .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेलं हलकं 'निर्भीक', २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' ही नावं आपल्याकडच्या दुकानात कानावर पडतात. निर्भीक साधारण अर्ध्या किलोचं, प्रबल पाऊण किलोच्या आत. काडतुसं पुष्कळदा 'केएफ' छापाची, म्हणजे आपल्या पुण्यातल्या खडकीच्या कारखान्याची.

लपवण्याच्या दृष्टीने नळीच्या लांबीपेक्षा मुठीची लांबी जास्त त्रास देते. नळी पँटच्या आत खाली जाते, मूठ मात्र शर्टाला आतून टोचते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याची, जाडी बरगडीखाली जाणवते, पिस्तूल चपटं असतं. तरीही नवख्या माणसाने रिव्हॉल्व्हरच घ्यावं असं मला वाटतं. त्यात काडतूस आहे की नाही हे सिलिंडर उघडताच डोळ्यांना दिसतं. पिस्तुलातून मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक गोळी शिल्लक राहू शकते, आणि घरातले कितीतरी अपघात त्याच एका गोळीने होतात. जुनं किंवा वारसाहक्काने आलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर ते पडल्यावर गोळी सुटू नये अशी आतली यंत्रणा त्यात आहे का, हे परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या. नसेल किंवा खात्री नसेल, तर घोड्याखालचं, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या हॅमरखालचं, सिलिंडरचं घर रिकामं ठेवा.

पट्टा आणि होल्स्टर

इथे पैसे वाचवू नका. लाखभर रुपयांचं हत्यार घेऊन रस्त्यावरचा दोनशे रुपयांचा पट्टा लावणारी माणसं मी पाहिली आहेत. मऊ पट्टा वजनाने एका बाजूला लोंबतो, होल्स्टर बाहेर कलतं, मग माणूस दर पाच मिनिटांनी कंबर सावरत बसतो. या सावरण्यानेच हत्यार ओळखू येतं. पट्टा दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, हातात धरून पिळला तरी सहज न पिळणारा घ्या.

होल्स्टरच्या चार गोष्टी पाहायच्या. ते तुमच्याच मॉडेलच्या मापाचं असावं. त्याने ट्रिगरची जागा पूर्ण झाकावी, अशी की बाहेरून बोट किंवा शर्टाचं टोक आत शिरू नये. हत्यार बाहेर काढल्यावर त्याचं तोंड उघडंच राहावं, म्हणजे परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडायला लागत नाही आणि नळी स्वतःच्या हातावर रोखली जात नाही. आणि उलटं धरून हलवलं तरी हत्यार खाली पडू नये. ही शेवटची परीक्षा हत्यार रिकामं करून, गादीवर करा.

बाजारात मिळणारी मऊ नायलॉनची, सगळ्या मापांना चालणारी होल्स्टर्स मला पसंत नाहीत. ती ट्रिगर नीट झाकत नाहीत आणि वापरून ढिली पडतात. जाड, साच्यात बसवलेलं चामडं उत्तम, पण कोकण-मुंबईच्या दमट हवेत ते घाम पितं. कायडेक्स नावाचं कडक प्लास्टिक घाम पीत नाही, फक्त उघड्या त्वचेला घासतं. आत बनियन घातलं की प्रश्न मिटतो.

जागा कुठली? बहुतेकांसाठी पँटच्या आत, उजव्या नितंबाच्या हाडाच्या किंचित मागे. डावखुऱ्यांनी डावीकडे. तिथे पाठीचा नैसर्गिक खोलगट भाग मूठ सामावून घेतो. पोटासमोर बाळगायची पद्धत परदेशात फार चालते. खाली बसल्यावर मात्र नळी मांडीकडे रोखली जाते, म्हणून पुरेसं प्रशिक्षण नसलेल्याने ती टाळावी. पाठीच्या मधोमध बाळगू नका. मागे पडलात तर मणक्यावर लोखंड आदळतं, आणि गर्दीत मागच्याचा हात तिथे सहज पोचतो. घोट्याचं होल्स्टर आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी आहे. दिवसात किती घरांच्या दारात आपण चप्पल-बूट काढतो ते आठवा.

होल्स्टरशिवाय, नुसतं पँटीत खोचून किंवा खिशात टाकून हत्यार कधीही नेऊ नका.

कपडे, आणि आपल्या अंगवळणी पडलेल्या हालचाली

परदेशी मार्गदर्शिका जॅकेट घालायला सांगतात. मे महिन्यात नागपुरात जॅकेट घातलेला माणूस जितका उठून दिसेल तितकं रिव्हॉल्व्हरही दिसणार नाही. आपल्या हवेला सैल, न खोचलेला, सरळ कापाचा सुती शर्ट बरा. रंग गडद किंवा बारीक चौकड्यांचा. पांढऱ्या पातळ शर्टातून काळी मूठ उन्हात स्पष्ट दिसते. शर्टाची लांबी पट्ट्याच्या खाली चार-पाच बोटं हवी, म्हणजे हात वर केला तरी होल्स्टर झाकलेलं राहतं. नेहरू जॅकेट कामाचं, पण त्याची लांबी कमरेपर्यंतच असते, तेव्हा खाली कुर्ता लांब हवा. आणि लेंगा-कुर्त्यावर पट्टा कुठे बांधणार? नाडीच्या लेंग्यावर होल्स्टर टिकत नाही. असा पोशाख करायचा असेल त्या दिवशी हत्यार घरी. पँट मात्र एक माप मोठी शिवून घ्या, होल्स्टर आत बसतं.

मग आरशासमोर या. हत्यार रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. नुसतं उभं राहून बघणं पुरेसं नाही. आपण दिवसभर जे करतो ते सगळं करून बघा. वाकून थोरांच्या पाया पडा. बहुतेकांचं पितळ इथेच उघडं पडतं, कारण वाकलं की शर्ट पाठीवर ताणला जाऊन मुठीचा आकार उमटतो. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून नमस्कार करायची सवय लावा. मांडी घालून जेवायला बसा, पंगतीत बसल्यासारखं, आणि हात न टेकता उठा. वरच्या फळीवरचा डबा काढा. स्कूटरवर बसा, वारा शर्ट मागून उडवतो का ते कुणाला तरी बघायला सांगा. हे बघणारं माणूस घरातलं आणि विश्वासातलंच असावं.

गळाभेट हा आपला आणखी एक प्रसंग. कुणी मिठी मारायला आलं तर उजवा हात खाली ठेवा, त्यांचे हात आपोआप तुमच्या खांद्यावर जातात. लोकलच्या गर्दीत, विशेषतः दादरसारख्या स्टेशनवर, हत्यार नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रेट्यात कमरेवर ताबा राहत नाही, आणि ताबा ही नियमाचीच अट आहे.

दिवसभर हात तिकडे जाऊ देऊ नका. नवीन असताना मन सारखं तिथेच असतं. चाचपणं, शर्ट खाली ओढणं, त्या बाजूने भिंतीला चिकटून चालणं हे सगळं बघणाऱ्याला कळतं. महिनाभर घरातल्या घरात रिकामं हत्यार लावून वावरा, शरीराला सवय होते.

शौचालयाचं कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पँट खाली गेली की पट्टा सैल होतो आणि हत्यार घसरतं. ते खुंटीला टांगू नका, फ्लशच्या टाकीवर ठेवू नका. तिथे विसरलेलं हत्यार पुढच्या माणसाच्या हाती जातं. होल्स्टरमधून न काढता, पट्ट्याचं बक्कल परत लावून, होल्स्टरसकट पँट गुडघ्यांशी दोन्ही पायांच्या मध्ये धरून ठेवा. भारतीय बैठकीच्या शौचालयात हे जमत नाही, म्हणून बाहेर पडतानाच घरचं आटोपून निघा.

स्त्रियांसाठी

साडी किंवा पंजाबी ड्रेसवर कमरेचं होल्स्टर अवघडच. जीन्स आणि सैल कुर्ता असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू होतं. पर्समध्ये न्यायचं तर तिच्यात हत्यारासाठी वेगळा, चेनचा कप्पा हवा, त्यात ट्रिगर झाकणारं होल्स्टर पक्कं बसवलेलं हवं, आणि त्या कप्प्यात दुसरं काही नको. किल्ली किंवा पेन ट्रिगरमध्ये अडकायला वेळ लागत नाही. पर्स सतत अंगावर, पट्टा आडवा खांद्यावरून. नातेवाईकांकडे गेल्यावर सवयीने ती पलंगावर टाकली जाते आणि घरातली चिमुरडी चॉकलेट शोधायला हात घालतात. याच कारणाने पर्समधलं बाळगणं मला सगळ्यात जोखमीचं वाटतं.

गाडी आणि घर

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात हत्यार ठेवून हॉटेलात जेवायला जाऊ नका. गाडीची काच फोडायला चोराला क्षणभर पुरतो, आणि मग तुमच्या नंबरचं हत्यार कुठल्या गुन्ह्यात निघेल याचा नेम नाही. सर्व्हिसिंगला आणि व्हॅले पार्किंगला गाडी देतानाही हे लक्षात ठेवा.

सकाळी एकदा लावायचं, रात्री एकदा काढायचं. जितक्या वेळा हाताळाल तितक्या वेळा धोका. २०२४ च्या १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेता गोविंदा मुंबईतल्या घरी बाहेरगावी जायच्या तयारीत असताना स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून पायाला जखमी झाले. घाई, अपुरी झोप, हातात भरलेलं हत्यार हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. काढायची जागा ठरलेली असावी. नळी भिंतीच्या पक्क्या कोपऱ्याकडे, बोट ट्रिगरपासून दूर, सिलिंडर उघडून काडतुसं काढा, मोजा, घरं बोटाने चाचपून पाहा. मग हत्यार तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. तिजोरीची किल्ली किंवा आकडा दुसऱ्या कुणाकडे नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला झालेल्या हत्येत हल्लेखोराच्या अंगरक्षकाचं परवान्याचं पिस्तूल वापरलं गेल्याचं पोलीस तपासात पुढे आलं, आणि त्या अंगरक्षकालाही अटक झाली. तुमचं हत्यार दुसऱ्याच्या हाती पडलं की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची तर हत्यार रिकामं करून, घरच्यांपुरती करा. त्याचा फोटो काढून पाठवू नका. वरातीतल्या हवेतल्या गोळीबाराबद्दल तर कायदाच स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

पावसाळा आणि घाम

अंगालगतचं लोखंड घामाने गंजतं, विशेषतः काळ्या मुलाम्याचं. मुंबई-कोकणात जूनपासून रोज रात्री कोरड्या सुती कापडाने पुसून, बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. तेल काडतुसांना लागू देऊ नका, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीत झिरपलं तर गोळी फुसकी निघते. हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये तिजोरीत ठेवू नका, चामड्यातली ओल नळीला गंज चढवते. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. अंगावर बाळगलेली काडतुसं वर्षाला सरावात संपवून नवी घ्या. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टाकून देऊ नका, नव्या काडतुसांच्या वेळी विक्रेता त्या मागतो.

सराव, आणि तो कशासाठी

झाकलेलं हत्यार काढायला वेळ लागतो. डाव्या हाताने शर्ट उचलायचा, उजव्याने मुठीवर पूर्ण पकड घ्यायची, सरळ वर खेचायचं, बोट बाहेरच. हे रायफल क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर शिका. घरी करायचं तर हत्यार दोनदा तपासून, काडतुसं खोलीबाहेर ठेवून.

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, ती एकदा वकिलाबरोबर बसून वाचा. पोलिसांकडे जायला वेळ आणि वाव असेल तर हा हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तर कायदा पाठीशी राहत नाही. पार्किंगची बाचाबाची, थकलेली उधारी, भाऊबंदकी यांत हत्याराचा नुसता उल्लेखसुद्धा करायचा नाही. शर्ट वर करून मूठ दाखवणं हीसुद्धा धमकीच ठरते. पळून जाता येत असेल तर पळा.

पोलिसांनी थांबवलं तर

नाकाबंदीत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आतला दिवा लावा. आधी तोंडाने सांगा, "साहेब, माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, उजव्या कमरेला. परवाना वरच्या खिशात आहे, काढू का?" हत्याराकडे हात नेऊ नका, काढून दाखवायचा उत्साहही नको. मागितलं तर त्यांना कसं हवं ते विचारूनच पुढे व्हा. परवाना मागण्याचा अधिकार त्यांना कलम १९ ने दिलेला आहे, म्हणून मूळ परवाना नेहमी सोबत ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच तासाला जवळच्या पोलीस ठाण्यात जा. घरात शोधत दोन दिवस घालवू नका. हत्याराचा नंबर, बोअर, बनावट, परवाना क्रमांक आणि यूआयएन (परवानाधारकाला मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक) एका कागदावर लिहून परवान्यापासून वेगळ्या जागी ठेवा, कारण चोर पाकिटासकट नेतो तेव्हा ठाणे अंमलदारासमोर सांगायला हेच लागतं. तक्रारीची प्रत घ्या आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही लेखी कळवून पोच घ्या.